एक्केचाळिसावा गडी

माणूस निवृत्त झाला की त्याला दोन गोष्टी भरपूर मिळतात. एक, रिकामा वेळ. आणि दुसरी, आपण नोकरीत असताना किती उत्तम साहेब होतो याची खात्री. पहिली गोष्ट घरातली मंडळी आठ दिवसांत काढून घेतात. दळण, दूध, विजेचं बिल, शिवाय 'तुम्ही काय, घरीच असता' या सदराखाली येणारी बाकीची कामं. दुसऱ्या गोष्टीला मात्र कोणी हात लावत नाही, कारण ती ऐकून घ्यायलाच कोणी थांबत नाही. बँकेतून निवृत्त झाल्यापासून माझी ही खात्री बारा वर्षं सुखरूप होती. चार ब्रँचेस सांभाळल्या, दोन संप पचवले, एक ऑडिट अंगावर घेतलं. माणसं कशी हाकावीत हे मला कोणी शिकवू नये, असं माझं स्पष्ट मत होतं. ते मत डिसेंबर २०२० मध्ये एका रात्री साडेबाराच्या पुढे, मी पाणी प्यायला उठलो असताना, डळमळीत झालं.

हॉलमध्ये दिवा होता. डायनिंग टेबलाशी सूनबाई कॉम्प्युटरसमोर बसली होती आणि तिच्या कानांवर वाट्या उपड्या घातल्यासारखे ते हेडफोन होते. आमची सूनबाई घरात मोजकं बोलणारी. 'हो बाबा', 'नाही आई', 'कूकरच्या तीन शिट्ट्या झाल्या', एवढ्यात तिचा दिवस भागतो. ती त्या रात्री खणखणीत इंग्रजीत कोणाला तरी हुकूम सोडत होती. मराठीत सांगायचं तर, 'मरा! सगळे मरा! पळू नका, पटापट मरा, वेळ जातोय!'

मी पाणी न पिताच परत आलो. सौ.ला उठवून सगळं सांगितलं. ती कूससुद्धा न बदलता म्हणाली, "कंपन्यांतून माणसं कमी करताहेत ना सध्या, त्यातलंच काही असेल. झोपा."

सकाळी चहाच्या वेळी मी खाकरून विषय काढला. सूनबाई लाजली. एखादीनं लाजून 'मी कविता करते' म्हणावं, तशी म्हणाली, "बाबा, मी रेड लीड करते."

रेड म्हटल्यावर माझ्यासारख्या बँकवाल्याला इन्कमटॅक्सच आठवणार. पण प्रकार वेगळा होता. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' नावाचा एक खेळ २००४ साली निघाला. देशोदेशीची माणसं आपापल्या घरी बसून एकाच काल्पनिक जगात हिंडतात. २०१९ साली त्याच कंपनीनं जुना, मूळचा खेळ हौशी लोकांसाठी पुन्हा जसाच्या तसा सुरू केला. त्यात मोठमोठे राक्षस असतात आणि ते एकट्यादुकट्याला आवरत नाहीत. चाळीस जणांची टोळी घेऊन त्यांच्यावर स्वारी करावी लागते. ती रेड. आणि त्या चाळीस जणांना सांभाळणारी आमची सूनबाई. टोळी युरोपातली. त्यांच्याकडे हिवाळ्यात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा ठाण्यात रात्रीचा साडेबारा झालेला असतो. बुधवार आणि रविवार, दोन रात्री, साडेबारा ते साडेतीन. आणि ते 'मरा'? स्वारी फसली आहे हे लवकर ओळखून सगळ्यांनी मरून टाकायचं, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येते. उरलेले दोघंतिघं उगाच तगून राहिले तर बाकीच्यांचा वेळ जातो. हरलो हे वेळेवर ओळखणं हे पुढाऱ्याचं पहिलं काम, असं ती म्हणाली. मी दोन संपांचा विचार केला आणि गप्प राहिलो.

त्यानंतर बुधवार-रविवारी मला झोप येईना. म्हणजे मी येऊ देईना. माकडटोपी घालून सोफ्यावर बसू लागलो. सूनबाईनं चिरंजीवांचे हेडफोन मला जोडून दिले. चिरंजीव आत घोरत होते. त्यांना कुठल्याच राक्षसाशी वैर नाही.

हळूहळू मला त्यातलं कळू लागलं, आणि लक्षात आलं की हे सगळं लग्नकार्यासारखं आहे. टोळीत तीन प्रकारची माणसं असतात. पहिला टँक. राक्षसाचा राग सगळ्यात जास्त ज्याच्यावर, त्यालाच राक्षस मारतो. तेव्हा राग सतत आपल्यावर ओढवून घ्यायचा, हे टँकचं काम. वरपक्षाकडचे एक मामा रुसायला टपलेलेच असतात आणि मुलीकडचे एक काका सकाळपासून त्यांच्याजवळ बसून त्यांचं सगळं ऐकून घेत असतात. ते काका म्हणजे टँक. दुसरे हीलर. जखमी होईल त्याला बरं करायचं. कोणाला चहा मिळाला नाही, कोणाचं डोकं दुखतंय, हे बघत फिरणाऱ्या मावशी असतात, त्या. आणि तिसरे प्रत्यक्ष घाव घालणारे. पंगतीत वाढणारी उत्साही तरुण पोरं. यांचा उत्साह फार झाला की राक्षसाचा राग काकांवरून उडून त्यांच्यावर येतो आणि कार्याचा विचका होतो. उत्साहाचं असं एक अजरामर उदाहरण आहे. २००५ साली या खेळातली एक चित्रफीत जगभर पाहिली गेली. एक टोळी दाराबाहेर उभी राहून अगदी टक्केवारी काढून बेत आखते आहे. तेवढ्यात जागेवरून उठून गेलेला एक गडी परत येतो, काहीही न ऐकता स्वतःच्या नावाची आरोळी ठोकतो आणि एकटाच आत घुसतो. सगळे त्याच्यामागे धावतात आणि सगळे मरतात. पुढे कळलं की ते मुद्दाम रचलेलं होतं. फार बारीक बेत आखणाऱ्यांची टिंगल होती. पण असा गडी प्रत्येक ऑफिसात एक असतो आणि तो रचलेला नसतो.

सूनबाईचं काम मी साहेबाच्या नजरेनं तपासत होतो. चुका सापडतील अशी आशा होती. पहिली गोष्ट, ती फार कमी बोलायची. स्वारी सुरू होण्याआधी दोन मिनिटं. कोण कुठे उभा, कोण कोणाला बघणार, बस्स. मी याच कामासाठी सहा पानी सर्क्युलर काढलं असतं आणि खाली सही घेतली असती. ती सगळ्यांच्या पडद्यावर एक प्रश्न पाठवायची, 'तयार?' आणि चाळीस हिरव्या खुणा आल्याशिवाय पाऊल टाकायची नाही. दुसरी गोष्ट, हुकूम देताना आधी नाव, मग काम. 'कोणीतरी डावीकडे बघा' असं ती कधीच म्हणाली नाही. 'कोणीतरी' नावाचा माणूस जगात नसतो, हे मला निवृत्तीनंतर समजलं. माझी निम्मी ब्रँच मी त्याच्यावर सोपवली होती.

तिसरी गोष्ट मला आवडली नाही. स्वारी फसली की ती पहिल्यांदा स्वतःची चूक सांगायची. 'माझा हुकूम उशिरा गेला.' मग म्हणायची, 'पुढच्या वेळी काय बदलायचं?' ज्याची खरी चूक असेल त्याच्याशी ती नंतर एकट्याशी बोलायची, आणि ज्यानं चांगलं केलं त्याचं नाव मात्र सगळ्यांसमोर घ्यायची. मी म्हटलं, "अगं, साहेबानं आपली चूक कबूल केली की दरारा जातो." ती म्हणाली, "बाबा, इथे कोणाला पगार नाही. दराऱ्यानं माणूस नुसता कॉम्प्युटर बंद करतो."

हे खरं होतं. माझ्या हाताखालची माणसं टिकली ती माझ्यामुळे टिकली, असं मी समजत होतो. प्रॉव्हिडंट फंडाचाही त्यात वाटा असावा, हा विचार प्रथमच मनात आला.

आणि चौथी गोष्ट लुटीची. राक्षस मेला की त्याच्याकडून तलवारी, चिलखतं, अंगठ्या अशा चारदोन वस्तू पडतात. वस्तू चार आणि माणसं चाळीस! तत्त्वज्ञान सुरू होतं ते इथे. कोणी म्हणतं, फासे टाका. एक ते शंभर, ज्याचा आकडा मोठा त्याची वस्तू. कोणी म्हणतं, चार शहाण्यांची समिती नेमा आणि ती सांगेल त्याला द्या. १९९९ साली निघालेल्या 'एव्हरक्वेस्ट' नावाच्या खेळात एका टोळीनं तिसरी युक्ती काढली: हजेरीचे गुण. जो जो स्वारीला आला त्याच्या खात्यात गुण जमा, आणि वस्तू हवी तर ते गुण खर्च करायचे. ड्रॅगन मारल्याचे गुण म्हणून त्यांना 'ड्रॅगन किल पॉइंट्स' म्हणतात. ड्रॅगन मारण्यासारख्या अचाट पराक्रमाचंसुद्धा शेवटी पासबुक होतं, हे ऐकून माझ्यातला बँकवाला गहिवरला. आमच्या सोसायटीत पार्किंगच्या बारा जागांसाठी तीस वर्षं भांडण चाललं आहे आणि यांच्यापैकी एकही पद्धत आम्हाला सुचली नाही. सूनबाईकडे पासबुक होतं. आणि तिचा कटाक्ष असा की नियम आधी सांगायचे. वस्तू जमिनीवर पडल्यावर केलेला नियम हा नियम नसतो, तो कोणाचा तरी मामेभाऊ असतो.

असं सगळं छान चाललं होतं, आणि मग आला थॅडियस.

त्या डिसेंबरात 'नॅक्सरामस' नावाचा एक किल्ला या जुन्या खेळात उघडला. हवेत तरंगणारा, आणि आत पंधरा लढती. मूळ खेळात तो २००६ साली आला होता आणि तेव्हा फार थोड्या टोळ्यांना तो पुरा झाला. थॅडियस हा त्यातला एक धिप्पाड राक्षस. प्रेतं शिवून केलेला आणि अंगात वीज भरलेला. तो दर अर्ध्या मिनिटानं प्रत्येकाला विजेचा भार देतो, कोणाला धन, कोणाला ऋण. धनवाल्यांनी एका बाजूला जमायचं, ऋणवाल्यांनी दुसऱ्या. सारखे भार एकत्र असले की त्यांचं बळ वाढतं. पण विरुद्ध भाराचा एक जरी गडी त्यांच्यात उभा राहिला तरी आजूबाजूचे भाजून निघतात. अर्ध्या मिनिटानं पुन्हा नवे भार. ज्याचा भार पालटला त्यानं त्या क्षणी पलीकडे पळायचं. मला आमच्या वार्षिक सभेची आठवण झाली. तिथेही माणसं दर अर्ध्या मिनिटानं बाजू बदलतात, पण तिथे वेळेवर.

टोळीत एक म्हातारा होता. हॉलंडचा, निवृत्त ट्राम-ड्रायव्हर, वय एकोणसत्तर. त्याचं सोंग प्रीस्टचं, म्हणजे भटजीचं, आणि काम हीलरचं. पौरोहित्य आणि वैद्यकी एकत्र. मार्च २०२० मध्ये सगळं जग घरात कोंडलं गेलं तेव्हा या टोळीत नऊ जण होते, त्यांतला हा एक. एकही रात्र चुकली नव्हती. आठ म्हणजे आठला हजर. आयुष्यभर ट्राम वेळेवर सोडलेली. नव्या पोरांना वाटा दाखवायचा, कोणाकडे औषधं संपली तर आपली द्यायचा. त्याचा आवाज ऐकला की मला उगाच बरं वाटायचं. टोळीत माझ्या वयाचं कोणीतरी होतं.

पण त्याच्या बोटांना संधिवात होता. भार पालटला की बाकीचे दोन सेकंदांत पलीकडे जायचे, हा सहा-सात सेकंद घ्यायचा. तेवढ्यात दहाअकरा जण भाजून निघायचे. एकदा, दोनदा, पाचदा. दोन आठवडे झाले, थॅडियस मरेना. तिसऱ्या आठवड्यात टोळीतल्या चौघांनी सूनबाईला वेगळं गाठलं. म्हातारा चांगला आहे, आम्हालाही आवडतो, पण एकोणचाळीस माणसं रात्र रात्र बसतात, त्यांचं काय? पोलंडचा एक पोरगा तर म्हणाला, त्याच्या कारखान्यात पहाटेची पाळी असते, तो झोप मोडून येतो. एकाच्या बोटांसाठी त्यानं किती दिवस मरायचं?

मी हेडफोनमधून हे ऐकत होतो आणि मला दोन्ही बाजू पटत होत्या. साहेब माणसाला हे होता कामा नये. एकासाठी एकोणचाळीस जणांनी थांबावं, की एकोणचाळीस जणांसाठी एकाला उतरवावं? अशा वेळी सुभाषितं फार उपयोगी पडतात. सगळ्यांसाठी एकाचा त्याग करावा, असं सांगणारं एक असतंच; आणि जरा शोधलं तर उलट सांगणारंही सापडतं. फक्त एक गोष्ट मी त्या रात्रीपर्यंत ध्यानात घेतली नव्हती. ज्याचा त्याग करायचा, तो 'एक' कुठल्याच सुभाषितात बोलत नाही. त्याला जाऊन हे सांगायचं कोणी, हेही तिथे लिहिलेलं नसतं.

रेड संपली. पहाटेचे पावणेचार झाले होते. सूनबाई डोकं धरून बसली होती. मी साहेबाच्या अनुभवाचं गाठोडं सोडलं. म्हटलं, "हे बघ, सोपं आहे. त्याला काही सांगूच नकोस. पुढच्या वेळी म्हणायचं, जागा भरल्या. गोड बोलायचं. त्याला वाईट वाटणार नाही आणि तुझं काम होईल."

ती म्हणाली, "बाबा, त्याला मोजता येतं. जागा चाळीस आहेत आणि आमच्याकडे माणसं कधी कधी अडतीसच येतात."

"मग आधी कोणालातरी तयार ठेवायचं. यादी लावून टाकायची. एकदा यादी लागली की माणूस समजून घेतो."

"तुम्ही असं केलं होतं कधी?"

"अनेकदा."

"मग त्यांना वाईट नाही वाटलं?"

"छे!" मी म्हटलं, आणि झोपायला गेलो. आणि छताकडे बघत पडलो.

१९८३ साली मी एका ब्रँचचा मॅनेजर होतो. त्या काळी बँकाबँकांत एकांकिका स्पर्धांचं वेड होतं. आमच्या ब्रँचचं नाटक दरवर्षी असायचं आणि त्यातलं म्हाताऱ्या बापाचं काम नाना करायचे. हेडक्लार्क. अकरा वर्षं त्यांनी तो बाप केला. नाटक बदलायचं, बाप तोच. रंगभूषेची त्यांची स्वतःची पेटी होती. त्या वर्षी नाना तालमीत वाक्यं विसरू लागले. एकदा तर दुसऱ्या अंकातलं, म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या नाटकातलं वाक्य बोलून मोकळे झाले. दिग्दर्शक मीच होतो. मी त्यांच्या जागी एका तरुण ऑफिसरला घेतलं. निर्णय बरोबर होता. आजही मी तोच घेईन. फक्त मी नानांना सांगितलं नाही. नवी पात्रयोजना टाइप करून शिपायाकडे दिली आणि नोटीसबोर्डावर लावायला सांगितली. नाना चार दिवस रजेवर होते. प्रयोगाच्या दिवशी ते थेट थिएटरवर आले, डोंबिवलीहून, हातात पेटी. मेकअपच्या खोलीत आरशासमोर त्यांच्या खुर्चीवर तो पोरगा बसला होता. नाना दारात थांबले. मी समोरच होतो. मला आठवतंय, मी विंगेतल्या एका पडद्याची दोरी तपासायला घेतली. ती नीटच होती.

नानांनी पेटी उघडली. त्या पोराच्या तोंडावर सुरकुत्या काढल्या, केसांना पांढरं लावलं, स्वतःच्या हातानं त्याला मिशी चिकटवली. आणि नंतर विंगेत उभे राहून प्रॉम्प्टिंग केलं. आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. त्याचं प्रमाणपत्र अजून कपाटावर कुठेतरी आहे. नाना पुन्हा नाटकात आले नाहीत, आणि मी गेली सदतीस वर्षं समजत होतो की त्यांचा उत्साह कमी झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सूनबाईनं हॉलंडला बोलावणं धाडलं. दोघंच. मी हेडफोन मागितले नाहीत, पण सोफा माझाच होता. ती म्हणाली, 'थॅडियसच्या लढतीत तुमच्या उशिरा पोचण्यानं लोक मरतात. तुम्हालाही ते माहीत असणार. त्या एका लढतीत तुम्ही बाहेर बसावं असं मला वाटतं. हे माझं मत आहे, टोळीचं नाव पुढे करणार नाही. बाकीच्या चौदा लढतींत तुम्ही मला हवे आहात.' आवाज जरा कापत होता, पण वाक्यं तशीच्या तशी गेली. मग बराच वेळ ती ऐकत राहिली. मग तिनं हेडफोन काढले.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, मी खेळायला येतो, बाहेर बसायला नाही. आणि ठेवून दिला."

मला आतून थोडा विजय वाटला. म्हटलंच होतं! गोड बोलली असती तर म्हातारा राहिला असता. त्या रविवारी भटजी आला नाही. पहिली गैरहजेरी. थॅडियस त्याच्याशिवायही मेला नाही, कारण सगळ्यांचं लक्ष उडालं होतं. सूनबाईनं वेळेवर रेड थांबवली आणि एक नवा नियम लिहून टोळीसमोर ठेवला: पुढाऱ्याच्या सांगण्यावरून जो बाहेर बसेल, त्याच्या पासबुकात लढणाऱ्याइतकेच गुण जमा होतील. पोलंडच्या पोरानं हरकत घेतली. बसून राहण्याचे गुण कसले? ती म्हणाली, 'तो बसतो म्हणून तू जिंकतोस. मग जिंकण्यात त्याचा भाग नाही का? आणि हा नियम म्हाताऱ्यासाठी नाही. पुढच्या महिन्यात मी तुलाही बसवीन.' पोरगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, 'मला बसवशील त्या दिवशी मी झोपेन. नियम चांगला आहे.'

बुधवारी युरोपातले आठ वाजले आणि ट्राम वेळेवर आली. म्हातारा सगळ्यांसमोर म्हणाला, 'थॅडियसला मी बाहेर. बाकी चौदांना मी आत. आणि कोणी मला बिचारा म्हणायचं नाही.' सूनबाई म्हणाली, 'कबूल.' चाळीस हिरव्या खुणा आल्या. राक्षसानं भार वाटले, माणसं इकडून तिकडे पळाली, पुन्हा भार, पुन्हा पळापळ. मी सोफ्यावर माकडटोपी काढून हातात धरली होती. चौथ्या प्रयत्नात थॅडियस कोसळला. चाळीस घरांतून एकदम ओरडा झाला. ठाण्यातून माझाही झाला, आणि सौ. आतून म्हणाली, "आता तुम्हीही?"

ओरडा थांबल्यावर सूनबाई म्हणाली, "आज हा राक्षस एक्केचाळीस जणांनी मारला." आणि किल्ल्याबाहेर बसलेला म्हातारा म्हणाला, "ट्राम तीन आठवडे उशिरा पोचली. पण सगळे प्रवासी आत आहेत."

मला कोणी विचारेल की टोळी चांगली चालवायची कशी, तर मी आता सांगू शकतो. आधी नाव, मग काम. थोडं बोला. नियम लुटीआधी. हरलो हे लवकर ओळखा. पण हे सगळं शिकूनही माणूस माझ्यासारखा साहेब होऊ शकतो. एखाद्याला बाजूला बसवणं काही वेळा भाग असतं, न्यायाचंही असतं. पण ते आपल्या तोंडानं, त्याच्या तोंडावर सांगायची हिंमत नसेल, तर तो निर्णय बरोबर असूनही आपण चुकलेलो असतो. मी त्या दिवशी नानांचं मन जपत नव्हतो. स्वतःला जपत होतो. गोड बोलण्याचा फायदा बहुतेक वेळा बोलणाऱ्यालाच होतो.

निवृत्त कर्मचाऱ्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रूप आहे. त्यावर रोज सकाळी सूर्योदय येतो आणि अधूनमधून श्रद्धांजली. तिथून नानांचा नंबर मिळवला. ते तेव्हा शहाऐंशीचे होते. फोन लावायला मला चार दिवस लागले.

"नाना, त्र्याऐंशी साली त्या नाटकाच्या वेळी मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

"काय?" त्यांना ऐकू कमी येत होतं.

"सांगायला हवं होतं!"

"मोठ्यानं बोला, साहेब!"

"तुम्हाला! आधी! सांगायला! हवं होतं!" सगळ्या बिल्डिंगला कळलं. सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली.

पलीकडे शांतता. आपल्याकडे अशा वेळी समोरच्यानं 'जाऊ द्या हो, जुन्या गोष्टी' म्हणायची पद्धत आहे. त्या भरवशावरच आपण माफी मागतो. नाना म्हणाले,

"हो. हवं होतं."

मी काहीच बोललो नाही. मग तेच म्हणाले, "लोकलला गर्दी होती त्या दिवशी. पेटी डोक्यावर धरून आलो होतो." पुन्हा थोडं थांबून म्हणाले, "मिशी शेवटपर्यंत राहिली ना पण?"

"राहिली."

"मग त्या मिशीलाच मिळालं असणार ते उत्तेजनार्थ," नाना म्हणाले, आणि हसले. मग मीही हसलो.

फोन ठेवला तेव्हा सूनबाई डायनिंग टेबलाशी बसून बघत होती. ती काही बोलली नाही. कूकरच्या तीन शिट्ट्या झाल्या होत्या, तो बंद करायला उठली.